भोकराचं झाड राहिलं

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. बहिणीजवळ नाही, देवाजवळही नाही — देवाला माहीत असेल म्हणून वेगळं सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावत आले. खरं म्हणजे भीती वाटत होती. आजही वाटते. लिहिताना मी दाराला कडी लावली आहे, आणि दिवसाढवळ्या कडी लावायची मला सवय नाही.

मी चौथी शिकलेली बाई आहे. अक्षर बरं आहे, पण लांब वाक्यं जमत नाहीत. थांबत थांबत लिहीन.

मागच्या महिन्यात नालवाडीहून शाळेच्या एक बाई आल्या होत्या. आमचं गाव आंजीच्या पुढे, नदीला लागून. माझं घर गावाच्या शेवटी, त्यापुढे फक्त नदीची वाट. या म्हातारीच्या अंगणात पाखरांची जत्रा भरते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांना शाळेतल्या मुलांसाठी मोबाईलवर व्हिडिओ काढायचा होता. पाखरं अंगणात कशी बोलवायची, एवढंच त्या विचारत होत्या. मी सगळं सांगितलं.

पाणी खोल भांड्यात ठेवायचं नाही. पसरट मातीची परात घ्यायची आणि मधोमध एक दगड ठेवायचा. चिमणीला उभं राहायला जागा लागते, नाहीतर ती काठावरून परत जाते. परात सावलीत ठेवायची, पण झुडपाला चिकटून नाही, तिथे मांजर दबा धरते. पडलेला पाला झाडायचा नाही. बाया अंगण लख्ख झाडतात आणि मग म्हणतात, पाखरं काऊन येत नाही! पाल्यात किडे असतात, किड्यांसाठी सातभाई येतात, दयाळ येतो. पपईच्या शेंड्याची दोन फळं उतरवायची नाहीत, ती बुलबुलांची. ज्वारीची चार कणसं वळचणीला टांगायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट वेळ. रोज एकाच वेळी, एकाच आवाजाने. मी सकाळी तपेलीच्या काठावर पळी तीनदा वाजवते. आधी कावळे येतात, मग बाकीचे.

बाई खूश झाल्या. तेवढ्यात एक कावळा माझ्या पायाशी येऊन बसला. त्या दचकून मागे सरल्या. म्हणाल्या, "आजी, तुम्हाले कावळ्याची भीती नाई वाटत?"

"कायची भीती?" मी म्हटलं, आणि हसले.

त्या गेल्यावर मी बराच वेळ ओट्यावर बसून होते. कावळाही बसून होता. त्यांना मी सगळं सांगितलं होतं — एक सोडून.

आता तेच सांगायचं आहे. पण आधी झाडाचं सांगावं लागेल.

माझ्या घराच्या आणि जाऊबाईंच्या घराच्या मधे एक भिंत आहे, कमरेएवढी. भिंतीच्या पलीकडे, म्हणजे त्यांच्या बाजूला, भोकराचं झाड आहे. बुंधा त्यांचा, पण अर्ध्या फांद्या माझ्याकडे. उन्हाळ्यात त्याला चिकट फळं येतात. तेव्हा ते झाड नसतं, गाव असतं. कोकिळा, साळुंक्या, बुलबुल, तांबट — मोजता येत नाहीत. लोक म्हणतात, हिला लेकरू नाही म्हणून पाखरांचा लळा. तसं काही नाही. लेकरू झालं नाही, ते एक. पाखरं आवडतात, ते दुसरं. नवरा गेल्यावर सकाळी उठायला मला कारण लागत होतं, आणि ते कारण त्या झाडावर बसलेलं असे. एवढंच.

जाऊबाईंचं नाव कौसल्या. त्यांचा मुलगा दिलीप, सून वनिता, आणि त्यांची एक लहान मुलगी. दिलीपची बहीण मंदा, आर्वीकडे दिलेली. बस, एवढीच माणसं आहेत या गोष्टीत. आणि मी.

जाऊबाईंना लकवा झाला. दोन वर्षं त्या खाटेवर होत्या. त्यांचं सगळं वनिताने केलं. हे मी ऐकून सांगत नाही — भिंत कमरेएवढी आहे, मी पाहत होते. ती त्यांना उचलून उन्हात बसवत होती. मऊ खिचडी चमच्याने भरवत होती. एक घास आत जायचा, अर्धा बाहेर यायचा, तो पुसून परत भरवायची. त्यांचे कपडे नदीवर नेऊन वेगळे धुवायची. जाऊबाई सुकत गेल्या, शेवटी नुसती हाडं राहिली. ते दुखणंच तसं होतं. तिने एक दिवस त्यांना उपाशी ठेवलं नाही. एक दिवस नाही. हे माझ्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं. हे लक्षात ठेवा.

मला वनिता आवडत नव्हती का? आवडत होती. पण तिला पाखरं आवडत नव्हती, आणि तिचंही चूक नव्हतं. तिने कुरड्या वाळत घातल्या की त्यांच्यावर पाखरांची घाण पडायची, भोकराच्या बिया चिकटायच्या. ती म्हणायची, "काकू, पाखरं तुमची अन् धुणं माह्यं!" हसून म्हणायची. पण म्हणायची.

जाऊबाई गेल्या. सातव्या दिवशी दिलीप भिंतीपाशी आला. "काकू, तेरवी झाली का भोकर तोडतो," तो म्हणाला. "तिथी पक्की खोली घेतो, संडास बांधतो. मायचे लय हाल झाले. वनिताचेबी झाले. तोडणाऱ्याले सांगून ठेवलं."

मी काय म्हणणार? झाड त्यांचं. जागा त्यांची. खोलीही हवीच होती. दोन वर्षं त्या म्हाताऱ्या बाईला उचलून बाहेर न्यावं लागत होतं. मी म्हटलं, "हाव, बांध." आणि घरात येऊन खाली बसले. एवढी भीती मला नवरा गेला तेव्हाही वाटली नव्हती. तो तर जाणारच होता, आजारी होता. हे झाड — एका सकाळी कुऱ्हाड येईल, संध्याकाळी आभाळ मोकळं होईल. मग मी कोणासाठी उठायचं?

तुम्हाला हे छोटं कारण वाटेल. आहेच छोटं.

आता कावळ्यांचं. आमच्याकडे दहाव्याला बायाही नदीवर जातात. भाताचे पिंड मांडतात आणि सगळे बाजूला होऊन वाट पाहतात. कावळा शिवला की मेलेल्या माणसाचं समाधान झालं. नाही शिवला तर त्याच्या मनात काही राहून गेलं. मग घरचे एकेक वचन देतात — हे करीन, ते सांभाळीन — आणि कावळा आला की त्या वचनाला सगळं गाव साक्षी. मग ते मोडता येत नाही.

पण आमच्या नदीवरचे कावळे कोणते? माझेच. माझ्या अंगणात खाणारे. त्याआधी कधीतरी गावात भंडारा झाला होता. उरलेलं सगळं माझ्या घरामागे टाकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी एकाचा दहावा होता. पिंडाला दुपारपर्यंत कावळा शिवला नाही. त्याची बायको ऊर बडवत होती, मुलं हात जोडत होती. मी पाहत होते. कावळे बाभळीवर बसून चोची पुसत होते. तेव्हा मला कळलं. त्यांची पोटं भरलेली होती. मी ते कोणाला बोलले नाही. म्हटलं, लोकांचा विश्वास आहे, आपण कशाला मोडायचा?

म्हणजे मला माहीत होतं. चुकून घडलं, असं म्हणायची सोय मला नाही.

नवव्या दिवशी मी आंजीला गेले. कोंबडीच्या दुकानातून आतडी आणली. "मांजरासाठी," असं सांगितलं. मांजर मी कधी पाळलं नाही. सख्ख्या जावेचं सुतक होतं, घरात फोडणी बंद होती, आणि मी पिशवीत कोंबडीची आतडी घेऊन गाडीत बसले होते. गाडीत ओळखीची एक बाई भेटली. "काय आणलं वं काकू?" मी पिशवी पायामागे सरकवली. "काई नाई, चहापत्ती." वास येतोय असं मला आंजीपासून गावापर्यंत वाटत राहिलं. आजही ती बाई समोर आली की मी रस्ता बदलते. तिला काही आठवत नसेल. मला आठवतं.

दहाव्याच्या दिवशी उजाडता उजाडता मी पळी वाजवली. कावळे आले. मी घालत गेले. आतडी, वरून तूप लावलेल्या भाकरी. ते खाऊन उडायचे, परत यायचे. शेवटी शेवटी चोचीत घेऊन कौलांच्या फटीत लपवायला लागले, तेव्हा मी थांबले. मग हात धुतले. तीनदा धुतले. लोटा घेतला, कमरेला किल्ली अडकवली आणि सगळ्यांबरोबर नदीवर गेले.

माझं ठरलं होतं असं — कावळा येणार नाही. दिलीप दोन-चार वचनं देईल. मग मी पुढे होऊन म्हणेन, जाऊबाईचा त्या भोकरावर जीव होता, झाड तोडणार नाही म्हणा. तो म्हणेल. मी किल्लीने लोट्याच्या काठावर तीनदा वाजवीन. कावळे तो आवाज ओळखतात, पोट भरलेलं असलं तरी एखादा उतरेलच. झाड वाचेल. कोणाचं काही बिघडणार नाही.

असंच वाटलं होतं मला.

पिंड मांडले. शेजारी चहाची कपबशी, पान, भजी — जाऊबाईंच्या आवडीचं. सगळे मागे सरले. कावळे बाभळीवर होते, आठ-दहा. पण ते पिंडाकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. मी बायांच्या मागे गेले. तर त्यातला एक खाली उतरला आणि वाळूतून उड्या मारत मारत माझ्या दिशेने आला. वाटलं, आता हा सगळ्यांदेखत माझ्या पायाशी बसणार. सगळ्यांना कळणार. मी पदर झटकला. तो उडून परत बाभळीवर जाऊन बसला. माझ्या शेजारची म्हणाली, "काकूइकडे आला अन् पिंडाकडे नाई गेला, पाह्य!" मी बायांच्या आणखी मागे सरकले.

ऊन चढलं. दिलीप हात जोडून उभा होता. "माय, मंदीचं माहेर तोडणार नाई वं. सणाले आणीन. ये वं माय." नाही आला. "घर सांभाळतो. लेकीले शिकवतो." नाही आला. मागे कोणीतरी पोऱ्या म्हणाला, "कावळेबी मोबाईल पाहून राह्यले काय बे?" दोघं हसले. "चूप रे!" कोणीतरी दटावलं.

आता माझी वेळ होती. मी पुढे सरकले. तोंड उघडलं. आवाज निघेना. किती वेळ गेला असेल? दोन श्वास. तीन. तेवढ्यात मंदा उठली.

"हिले विचारा!" ती वनिताकडे हात करून ओरडली. "माह्या मायची हाडं राह्यली होती. हिनं काय खाऊ घातलं, हिले विचारा! कावळा कसा शिवन?"

वनिता तशीच उभी होती, डोक्यावर पदर. तिला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "ताई, काऊन असं बोलता? काकूले विचारा नं. काकू रोज पाह्यत होत्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी इथे लिहायला थांबले होते. उठून पाणी प्यायले. पुन्हा बसले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हटलं — "मी कुठी चोवीस तास पाह्यत होती?"

हे वाक्य खोटं नाही, नाही का? कोणीच चोवीस तास पाहत नाही. एवढं साधं वाक्य. वनिता माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. काकूंनी आपलं बोलणं नीट ऐकलं नसेल, असं बघत होती. मी तेव्हा बोलले असते तर? मुलीसारखं केलं तिने, एवढंच म्हटलं असतं तर? पण मला वाटलं, एक शब्द बोलले की दुसरा विचारतील, दुसऱ्यातून तिसरा, आणि शेवटी आतड्यांची पिशवी बाहेर येईल. मी घाबरले होते. एवढी घाबरले होते की मला फक्त मीच दिसत होते.

भावकीतला एक म्हातारा उठला. "सूनबाई, तू जरा दूर हो. पाहू."

वनिताने दिलीपकडे पाहिलं. दिलीपने मान खाली घातली. ती वळली आणि चढणीकडे चालायला लागली. तिची मुलगी मागे धावली, तिला कोणीतरी धरून ठेवलं. वाळूत वनिताच्या चपला रुतत होत्या. ती चढणीच्या वळणावर पोचली, दिसेनाशी होणार होती —

आणि मी किल्लीने लोट्यावर तीनदा वाजवलं.

कावळा उतरला. एक, मग दुसरा. भाताला चोच लावली. "शिवला! शिवला!" सगळीकडून आवाज उठला. बायांनी हात जोडले. मंदा वाळूत बसून रडायला लागली. लोट्याचा आवाज कोणी ऐकला नाही. सगळ्यांनी एकच पाहिलं — सून गेली, आणि कावळा शिवला.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होते की मी भीतीने वाजवलं. तमाशा थांबावा, मंदाने तिला मारू नये, म्हणून वाजवलं. हेही खोटं आहे. ती समोर उभी होती तेव्हाही मला वाजवता आलं असतं. लोटा हातातच होता. मी ती जाईपर्यंत का थांबले? कारण ती पाठमोरी झाली तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट आली — ही या घरातून उठली की हे घर खोली बांधत नाही. ती मला साफ दिसली, अंगणात पडलेल्या पानासारखी. मग मी वाजवलं. कावळा त्या क्षणी आला तर लोक काय समजतील, हे मला कळत होतं. कळत असून वाजवलं.

हे ते आहे. हेच मी कोणाला सांगितलं नव्हतं.

पुढचं लवकर सांगते. तेरवीच्या जेवणाला वनिताच्या हातचं कोणी वाढून घेतलं नाही. संक्रांतीला तिला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. गावात तिचं नाव वनिता राहिलं नाही, "ते कावळा न शिवलेली" झालं. दिलीपने तिला मारलं नाही. नुसतं तिच्याशी बोलणं सोडलं, तिच्या हातचं खाणं सोडलं. स्वतः चूल पेटवायचा. एका दुपारी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "काकू, तुमी तं कावळ्याइले ओळखता. असं खरंच असते काय?"

त्याला फक्त एक 'नाही' हवं होतं. तो त्यासाठीच आला होता. मला कळत होतं. आणि मी म्हटलं, "कावळ्याले कोणाचं काय पडलं, दिलीप? तो कायले खोटं करन?"

तो उठून गेला.

वर्षाच्या आत वनिता मुलीला घेऊन हिंगणघाटला भावाकडे गेली. परत आली नाही. दिलीपने खोली बांधली नाही. कोणासाठी बांधणार? तोडणारा एकदा विचारायला आला, दिलीपने त्याला परत पाठवलं. भोकराचं झाड राहिलं. पाखरं आली. दर उन्हाळ्यात येतात.

मी कावळ्यांना घालणं बंद केलं होतं, महिनाभर. पळी वाजवली नाही. तरी ते यायचे. ओरडायचे नाहीत, भिंतीवर ओळीने बसून दाराकडे बघायचे. मी खिडकीच्या फटीतून त्यांना बघायचे. कावळा माणूस ओळखतो, हे मी लोकांना कौतुकाने सांगत होते. आता तेच आठवून अंगावर काटा यायचा. माझा यावर विश्वास आहे की नाही? पोट भरलं की कावळा येत नाही, एवढंच आहे ते, हे माझ्याहून जास्त कोणाला माहीत? तरी मी मेल्यावर माझा दहावा दिलीप करणार आहे, दुसरं कोणी नाही. आणि पिंड मांडून तो हात जोडून उभा राहील, हे डोळ्यासमोर आलं की मला रात्रीचं जेवण जात नाही. शेवटी मी पुन्हा घालायला लागले. प्रेमाने नाही. धाकाने.

मागच्या वर्षी भाचीकडे हिंगणघाटला गेले होते. परतताना बसस्टँडवर मागून हाक आली, "काकू!" मी आवाज ओळखला आणि वळले नाही. पुढे चालायला लागले. म्हातारी कितीशी चालणार? ती पुढे येऊन उभी राहिली. वनिता. केस पांढरे झालेले — मग दिसलं, अर्धा कापूस होता. जिनिंगच्या कारखान्यातून सुटून आली होती. आता ही तोंडावर बोलणार, लोक जमवणार, असं मला वाटलं. ती खाली वाकली आणि माझ्या पाया पडली.

"पळून काऊन राह्यल्या काकू? मी काय चावतो काय?" हसली. चहा घेतला दोन कप. मुलगी नर्सचं शिकते आहे म्हणाली. दिलीपला बरं आहे का, विचारलं. मग कप तसाच हातात धरून म्हणाली, "काकू, म्या लय विचार केला. इतके वर्षं केला. मले सापडलं ते."

मला वाटलं, संपलं. सापडलं.

"शेवटच्या दिवशी संध्याकाळी आत्याबाईनं शेवया मांगतल्या होत्या. दुधातल्या. म्या म्हटलं, दूध सरलं, उद्या देतो. अन् सकाळी त्याइची वाचाच गेली. तेच राह्यलं असन त्याइच्या मनात. नाई काय?"

ती माझ्याकडे बघत होती. नदीवर बघितलं होतं तसंच. आणि मी म्हटलं, "हाव. तेच असन."

ऐकलंत? बारा वर्षांनी. कोणी गाव नव्हतं, मंदा नव्हती, झाड तोडणारा नव्हता. आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, हाव, तेच असन.

ती म्हणाली, "मी दर अमावस्येले छतावर शेवया ठेवतो. एक कावळा येत नाई, काकू. तुमच्याकडे एवढे येतात. कसं बोलवाचं, सांगा नं."

मी सांगितलं. अमावस्येलाच नाही, रोज ठेव. एकाच वेळी ठेव. पसरट ताटलीत ठेव, पाणी बाजूला. ठेवून मागे सर, टक लावून बघू नको. पहिले पंधरा दिवस नुसता पोळीचा तुकडा, मग शेवया. ती शाळेतल्या मुलीसारखी ऐकत होती, बोटांवर मोजत होती.

"अन् तो आला का बोलू काय त्याच्याशी?"

"काय बोलाचं?"

"माफी मांगाची हाय."

माझी बस लागली होती. मी पिशवी उचलली. "मांग," मी म्हटलं.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. रडत होती, पण आनंदाने. "काकू, आज आला. सगळ्या शेवया खाल्ल्या. आता मले झोप लागन." मी म्हटलं, बरं झालं. फोन ठेवला. तेव्हापासून मला झोप नाही.

कौसल्याबाई उपाशी गेल्या नाहीत. त्यांच्या मनात काही राहिलं होतं की नाही, मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. वनिताने त्या संध्याकाळी शेवया दिल्या असत्या, तरी दहाव्याला कावळा आला नसता. ती नदीवर उभी होती म्हणून तो आला नाही, असं नाही. ती गेली म्हणून तो आला, असंही नाही. त्या सकाळी कावळ्यांची पोटं भरलेली होती. ती मी भरली होती. लोटा मी वाजवला होता.